मोसमी तलाव वर्षभर भरलेला ठेवावा का? व्यवस्थापन आराखड्यासाठी जाणकारांची मतं हवीत

पाणलोट (प्रश्न)

एका राखीव क्षेत्राच्या आराखड्यात मोसमी तलावावर करायच्या कामांचा मसुदा आहे. तो पुढे जाण्याआधी इथल्या अभ्यासूंनी तपासून द्यावा, ही विनंती.

तलाव नैसर्गिक आहे, उथळ बशीसारखा. पूर्ण भरला की पाणी ३८ हेक्टरवर पसरतं आणि सगळ्यात खोल जागी १.६ मीटर असतं. नदीनाला येऊन मिळत नाही, भोवतालच्या उतारावरून वाहून येईल तेवढंच पाणी. पाऊस थांबल्यापासून साधारण साडेसहा महिन्यांत तळ उघडा पडतो. तळाशी काळी चिकणमाती आहे, सुकली की तिला मनगट जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात.

मसुद्यात चार कामं आहेत. मधोमध अर्धा हेक्टर जागा चार मीटर खोल खणायची. उन्हाळ्यात दोन बोअरचं पाणी सोडायचं. मासे सोडायचे, म्हणजे पक्ष्यांना खाद्य मिळेल आणि डासही कमी होतील. आणि चराई पूर्ण बंद करून काठाने दाट झाडं लावायची. कारण असं दिलंय की तलाव आटला की अधिवास संपतो.

यातलं काय करावं, काय करू नये आणि का? आणि नोंदी कशा ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या वर्षी बैठकीत आकडे मांडता येतील?

---

गाळपेर

मसुद्यातलं कारणच चुकलंय, म्हणून आधी तेवढं बोलतो. तलाव आटल्याने अधिवास संपत नाही. आटणं हा या अधिवासाचाच एक भाग आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.

पाणी ओसरून तळाला हवा लागली की वर्षभर साचलेला पालापाचोळा, मेलेल्या पाणवनस्पती, विष्ठा हे सगळं वेगाने कुजतं. पाण्याखाली प्राणवायू नसल्याने तेच कुजणं रखडत असतं. मग पहिलं पाणी आलं की त्यातलं नत्र आणि स्फुरद एकदम मोकळं होतं. त्यावर शेवाळ वाढतं, शेवाळावर सूक्ष्म जीव, त्यांच्यावर पाणकीटक आणि टॅडपोल (बेडकांची शेपटीवाली पिल्लं). नव्याने भरलेलं पाणी पहिल्या महिना-दोन महिन्यांत एवढं सुपीक असतं ते यामुळे. कायम भरलेल्या तलावात ही लाट येतच नाही.

दुसरं, सुकलेल्या गाळात अंड्यांची आणि बियांची पेढी असते. फेअरी श्रिम्प आणि ट्रायॉप्स या कवचधारी जिवांची अंडी सुकल्यावरही वर्षानुवर्षं जिवंत राहतात. भिजली की एक ते तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि काही आठवड्यांत पुढची अंडी घालून आयुष्य संपवतात. आफ्रिकेतल्या मोसमी डबक्यांत राहणारा नोथोब्रँकियस नावाचा किलीफिश तर अंड्यातून निघाल्यावर चौदाव्या दिवशीच प्रजननक्षम झाल्याची नोंद आहे, आणि त्याची अंडीही कोरड्या मातीतच वाट बघतात. हे जीव मोसमी पाण्यात टिकले ते एकाच कारणाने: तिथे मोठे मासे नसतात. मोठी, संथ, सहज सापडणारी शिकार आहेत ती. मासे असलेल्या पाण्यात त्यांचा निभाव लागत नाही.

आता मसुद्यातला चार मीटरचा खड्डा बघा. बाकी तलाव आटला तरी त्यात पाणी राहील, म्हणजे मासेही राहतील. पुढचा पाऊस आला की पहिल्याच दिवशी ते मासे ३८ हेक्टरवर पसरतील. श्रिम्पची अंडी फुटणार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बेडकांची अंडी पडणार त्याच आठवड्यात. खाणारे आधी हजर आणि खाद्य नंतर जन्माला येणार. एका खड्ड्यामुळे अख्खा तलाव बिघडतो तो असा.

मासे सोडणं तर नकोच. डासांसाठी म्हणून सोडतात तो गम्बुसिया टॅडपोल आणि बेडकांची अंडीही खातो. तळ उकरणारे मासे पाणी गढूळ करतात, प्रकाश खाली पोचत नाही आणि पाण्याखालची गवतं मरतात. उतारावरच्या पाण्याबरोबर कधी आपसूक आलेच तर ते मासे वेगळे. ते आटत्या पाण्यात अडकतात आणि करकोच्यांच्या तोंडी जातात, ते चालू द्यावं.

किती दिवस पाणी हवं, असं विचारलंत तर: बऱ्याचशा बेडकांच्या टॅडपोलना चार ते दहा आठवडे लागतात. वाळवंटातल्या स्पेडफूट या बेडकांच्या जातींचं दोन आठवड्यांच्या आतही उरकतं. तुमच्याकडे साडेसहा महिने आहेत, म्हणजे बेडकांना भरपूर. चतुराच्या अळ्यांनाही पुरतात. पाणी कमी पडतंय अशी तक्रार या तलावाला लागू होत नाही.

---

मोजपट्टी

बोअरच्या प्रस्तावावर नुसता हिशोब मांडतो.

बिनपावसाच्या दिवसांत पातळी रोज किती उतरते ते तुमच्याच आकड्यांवरून काढता येतं. १.६ मीटर पाणी साडेसहा महिन्यांत, म्हणजे सुमारे २०० दिवसांत गेलं. दिवसाला ८ मिलीमीटर. यात बाष्पीभवनही आलं आणि पाझरही.

एक हेक्टरवरचं एक मिलीमीटर पाणी म्हणजे १० घनमीटर. उन्हाळाभर फक्त १० हेक्टर ओलं ठेवायचं म्हटलं तरी रोज ८ × १० × १० = ८०० घनमीटर पाणी ओतावं लागेल. तासाला १० घनमीटर देणारा बोअर आठ तास चालवला तर ८० घनमीटर मिळतात. असे दहा बोअर लागतील, दोन नव्हे. आणि उन्हाळ्यात बाष्पीभवन सरासरीपेक्षा जास्त असतं, म्हणजे प्रत्यक्षात दहाही पुरणार नाहीत. भूजल खारट असेल तर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. वर्षागणिक ते साचत जातात, आणि गोड्या पाण्यातली अंडी त्या पाण्यात फुटत नाहीत.

नोंदींचं आता. तळ कोरडा असतानाच मोजपट्टी रोवा, शून्य सगळ्यात खोल बिंदूवर. काळ्या मातीत इथेच चूक होते. ही माती भिजली की फुगते आणि सुकली की आकसते, त्यामुळे वरच्यावर रोवलेला खांब वर-खाली सरकतो आणि सगळ्या नोंदी दोन-तीन सेंटीमीटरनी खोट्या ठरतात. खांब भेगांच्या थराच्या खालपर्यंत जायला हवा. भेगेत सळई सोडून खोली बघा आणि त्याच्याही खाली अर्धा मीटर जा. शिवाय काठाबाहेर पक्क्या खडकावर एक खूण करून ठेवा आणि दरवर्षी कोरड्या दिवसांत ऑटो लेव्हलने (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) पट्टीचं शून्य त्या खुणेशी ताडून बघा.

त्याच लेव्हलने तळाची उंची-सखलता घ्या. ५० मीटरच्या चौकटीने ३८ हेक्टरचे साधारण दीडशे बिंदू होतात, दोघांचं दोन-तीन दिवसांचं काम. त्यातून पातळी आणि क्षेत्रफळ यांचा तक्ता तयार होतो: पट्टीवर ४० सेंटीमीटर म्हणजे किती हेक्टर पाणी, ३० म्हणजे किती. हा तक्ता एकदा झाला की पुढे आठवड्याला एक आकडा वाचला तरी भागतं. वार आणि वेळ एकच ठेवा, शक्यतो सकाळी. दुपारी वाऱ्याने पाणी एका काठाकडे लोटलेलं असतं आणि उथळ तलावात तेवढ्यानेही आकडा हलतो.

पाझर वेगळा काढायचा तर जवळच्या हवामान केंद्रातल्या बाष्पीभवन पॅनचं (उघड्या भांड्यातून रोज किती पाणी उडालं याचं) वाचन घ्या. पॅन तापतो, म्हणून त्याचा आकडा ०.७ ने गुणायचा. समजा आठवड्यात पातळी ५.६ सेंटीमीटर उतरली आणि पॅनची बेरीज ५२ मिलीमीटर आली. ५२ × ०.७ म्हणजे ३६ मिलीमीटर उडून गेलं. उरलेले २० जमिनीत, दिवसाला जवळपास ३ मिलीमीटर. हा पाझराचा आकडा एखाद्या वर्षी अचानक दुप्पट झाला, तर चिकणमातीचा थर कुठेतरी फुटलाय असं समजा.

मागची वर्षंही बघता येतात. लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत, ३० मीटर तपशिलाची १९८२ पासून. सेंटिनेल-२ ची १० मीटरची चित्रं २०१५ पासून मिळतात, आणि दुसरा उपग्रह आल्यापासून साधारण दर पाच दिवसांनी. उपग्रहाने टिपलेल्या प्रकाशातला हिरवा पट्टा आणि डोळ्यांना न दिसणारा लघु-अवरक्त पट्टा यांच्या निर्देशांकावरून पाणी ओळखता येतं. दोन ठिकाणी फसगत होते. पाण्यातून वर आलेलं दाट गवत असेल तर त्याखालचं पाणी उपग्रहाला दिसत नाही, तलाव खऱ्यापेक्षा लहान येतो. आणि ढगांमुळे रडारची चित्रं वापरली तर गुळगुळीत ओला चिखलही पाण्यासारखाच काळा दिसतो, तलाव मोठा येतो. पहिल्या वर्षी महिन्यातून एकदा काठाने चालत जीपीएसवर पाण्याची कड नोंदवा आणि चित्राशी ताडा.

---

शेकाट्या

«तलाव आटला की पक्षी निघून जातात» हे अर्धंच खरं आहे. पाणी उतरत असतानाच सगळ्यात जास्त जातींना खायला मिळतं.

प्रत्येक पक्ष्याचं पाणी ठरलेलं आहे. टिलवा, चिखल्या या काठाने चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांना ओला चिखल ते फार तर ४–५ सेंटीमीटर पाणी. शेकाट्याला पाय लांब असल्याने १५ सेंटीमीटरपर्यंत चालतं. थापट्या, तलवार बदक ही वरच्यावर चरणारी बदकं १० ते २५ सेंटीमीटरमध्ये असतात. बुडी मारणाऱ्या बदकांना अर्धा मीटर तरी हवं. म्हणजे १.६ मीटर भरलेल्या तलावात चिखल्यांना फक्त काठाची पट्टी उरते, आणि चार मीटरच्या खड्ड्याच्या उभ्या कडेवर तर तीही नसते.

आता उताराचं बघा. ३८ हेक्टरचा गोलसर तलाव म्हणजे त्रिज्या साधारण ३५० मीटर. १.६ मीटरचा उतार ३५० मीटरमध्ये, म्हणजे सव्वादोनशेला एक. पातळी ८ मिलीमीटर उतरली की पाणी काठापासून दीड-पावणेदोन मीटर मागे सरतं. घेर सव्वादोन किलोमीटरच्या आसपास. म्हणजे भरल्या तलावाभोवती रोज सुमारे एक तृतीयांश हेक्टर नवा चिखल उघडा पडतो. कालपर्यंत पाण्याखाली असलेल्या अळ्या, किडे, गोगलगाई त्यात अजून जिवंत असतात. टिलव्यांचे थवे पाण्याच्या कडेकडेने रोज आत सरकताना दिसतात ते यासाठी. दोन दिवसांपूर्वी उघड्या पडलेल्या पट्ट्यावर ते फिरकत नाहीत. तिथला वरचा पापुद्रा सुकून कडक झालेला असतो आणि चोच शिरत नाही.

म्हणून पाणी सोडून तलाव लवकर रिकामा करण्याचा विचार कोणी मांडला तर तोही नको. दिवसाला २–३ सेंटीमीटरपेक्षा जास्त वेगाने पाणी काढलं की चिखल उघडा पडतो आणि लगेच वाळतो, ना पक्ष्यांना उपयोग ना बियांना. संथ ओसरलेल्या चिखलावर लव्हाळे आणि बारीक बियांची गवतं उगवतात. त्यांचं बी पुढच्या हंगामात पाण्याखाली जातं आणि बदकं त्यावर पोसली जातात.

काठाने दाट झाडं लावणं या तलावासाठी चूक आहे. चिखल्या-टिलव्यांना चौफेर मोकळी नजर लागते. झाडांची भिंत उभी राहिली की तिथे शिकारी पक्षी बसतात आणि जवळची चिखलपट्टी ओस पडते. आधीपासून पाण्यात उभी असलेली जुनी झाडं मात्र जपा. चित्रबलाक, बगळे त्यावर वसाहती करतात. महिनाभर अंडी उबवणं आणि मग पिल्लं उडेपर्यंत दोन महिने, एवढा काळ झाडाखाली पाणी असावं लागतं. पाणी आधी सरलं तर जमिनीवरचे भक्षक बुंध्यापर्यंत पोचतात. घरट्यांच्या झाडांखालच्या जमिनीची उंची मोजपट्टीच्या शून्याशी जोडून ठेवा, म्हणजे कोणत्या आठवड्यात तिथलं पाणी सरणार हे आधी सांगता येईल.

गणनेत «एकूण पक्षी ४२००» असा एकच आकडा लिहू नका. ओला चिखल, ५ सेंटीमीटरपर्यंत, ५ ते २५, त्याहून खोल आणि कोरडा तळ असे पाच रकाने करा, त्या दिवशीची पट्टीची पातळी शेजारी लिहा. बैठकीत खड्ड्याचा प्रस्ताव थोपवायला हाच तक्ता उपयोगी पडेल.

---

पाणलोट (प्रश्नकर्ता)

सगळ्यांचे आभार. बोअरचा हिशोब तर मसुद्याला जोडावा असाच आहे. तीन गोष्टी राहतात. हरणं-नीलगाईंना उन्हाळ्यात पाणी कुठून द्यायचं? चराई पूर्ण बंद करावी का? आणि गाळ खरोखरच साचलेला असेल तर काढायचाच नाही का?

---

माळरान

पाणवठ्यांबाबत घाई नको. बारमाही पाणी दिलं की त्याभोवती तृणभक्षी वर्षभर थांबतात, आणि पाण्यापासून जितकं जवळ तितकं गवत जास्त उजाड होतं. पूर्वी पाणी आटलं की तो पट्टा आपोआप विश्रांती घ्यायचा, ती विश्रांती जाते.

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात हे मोठ्या प्रमाणावर घडलं. कोरड्या उत्तर भागात कृत्रिम पाणवठे झाल्यावर झेब्रा आणि विल्डबीस्ट तिथे सरकले, त्यांच्यामागे सिंह आले, आणि उंच गवतात विरळ राहणारं रोन हरीण झपाट्याने घटलं. १९९० च्या दशकात तिथे अनेक पाणवठे बंद करावे लागले.

तरीही द्यायचंच असेल, कारण कुंपणं-रस्त्यांमुळे जनावरांची पाण्याकडे जायची जुनी वाट तुटलेली असू शकते, तर तलावाच्या तळात देऊ नका. तलावाच्या पाणलोटाबाहेर बशीच्या आकाराचा छोटा पाणवठा करा. एका बाजूला तरी सहाला एक किंवा त्याहून सौम्य उतार ठेवा, नाहीतर पाडसं आत पडून बुडतात. तलावात पाणी असेपर्यंत तो कोरडाच ठेवा. एकाहून जास्त असतील तर आळीपाळीने भरा.

चराईबद्दल माझं मत: पूर्ण बंदी हवी. गुरं जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी तुडवतात.

---

गाळपेर

माळरान, पाणवठ्यांचं सगळं पटलं, पण चराईच्या पूर्ण बंदीला माझा विरोध आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ मध्ये म्हशींची चराई बंद झाली. त्यानंतर पास्पलम नावाचं पाणगवत असं माजलं की उघडं पाणी त्याखाली झाकलं गेलं आणि पाणपक्ष्यांना त्याचा फटका बसला. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या तिथल्या दीर्घ अभ्यासातून म्हशींचं खाणं त्या गवताला आवर घालत होतं, हे पुढे आलं. तेही पावसाळ्यात भरणारं आणि उन्हाळ्यात ओसरणारं पाणथळच आहे.

अंडी तुडवली जातात हे खरंच आहे, म्हणून वेळ सांभाळायची. कोरड्या तळावर आणि काठावर टिटव्या-चिखल्यांची घरटी असतात तेव्हा गुरं बाहेर, तिथे गाड्याही नकोत. घरटी उरकली की मोजक्या संख्येने, ठरलेल्या पट्ट्यात चराई. दहा बाय दहा मीटरचे दोन-तीन तुकडे कुंपण घालून वगळा, म्हणजे चरलेला आणि न चरलेला तळ शेजारी-शेजारी दिसेल.

पाणकणीस माजलं असेल तर ते नुसतं कापून उपयोग नाही, पुन्हा फुटतं. त्याच्या कंदांना हवा पोचते ती देठांच्या पोकळ नळ्यांतून, वाळलेल्या देठांतूनही. तळ कोरडा असताना देठ अगदी जमिनीलगत कापा आणि कापणी पाणी भरायच्या थोडंच आधी करा, म्हणजे खुंट उंच व्हायच्या आत पाण्याखाली जातील. नळ्यांत पाणी शिरलं की कंद गुदमरतो. खुंटाचं एक टोक जरी पाण्याबाहेर राहिलं तरी तो झुपका वाचतो. दोन-तीन वर्षं सलग करावं लागतं.

गाळाबद्दल. आधी खरंच साचलाय का ते बघा. हाताच्या ऑगरने (माती उपसणाऱ्या गिरमिटाने) पंधरा-वीस ठिकाणी नमुने काढा. वर मऊ, अलीकडचा गाळ असतो, खाली घट्ट, चकचकीत चिकणमाती. ती चिकणमातीच पाणी धरून ठेवते. तिची जाडी कुठे ३० सेंटीमीटर आणि खाली मुरूम असेल, तर यंत्राचा एक दात खोल गेला तरी बशीला भोक पडतं. मग पुढच्या वर्षी तलाव साडेसहा महिन्यांऐवजी तीनच महिन्यांत आटतो आणि दोष पावसाला दिला जातो. असं भोक बुजवायचं तर ओलसर चिकणमातीचे १५ सेंटीमीटरचे थर एकेक करून दाबत बसावं लागतं.

गाळ काढायचाच असेल तर एका वर्षी तळाच्या एक तृतीयांशाहून जास्त भागाला हात लावू नका. अंडी आणि बियांची पेढी मुख्यतः वरच्या ५–१० सेंटीमीटरमध्ये असते. तो थर आधी खरवडून बाजूला सावलीत ठेवा, खालचा गाळ काढा आणि तोच थर परत पसरा. खरा उपाय मात्र वरच्या उतारावर आहे. ओघळींमध्ये दगडी बांध घाला आणि गाळ तिथेच अडवा.

पेढीत काय आहे हे बघायची सोपी तपासणी सांगतो, परवानगी घेऊन करा. कोरड्या तळावर काठ, मध्य आणि खोल भाग अशा दहा-बारा ठिकाणांहून वरचा ५ सेंटीमीटर गाळ घ्या. उथळ ट्रेमध्ये दोन सेंटीमीटर थर पसरा आणि वर हळूच दहा सेंटीमीटर पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी ओता. नळाचं नको, क्लोरीन आणि क्षार दोन्ही आड येतात. ट्रे २० ते २५ अंशांत, उजेडात ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंग घेऊन बसा: पाण्यात झटक्याझटक्याने पोहणारे पांढुरके ठिपके दिसतील. आठवड्याभरात फेअरी श्रिम्प ओळखू येतो, पाठीवर उताणा पोहतो आणि पायांची ओळ सतत लाटेसारखी हलत असते. काहीच निघालं नाही तर लगेच पेढी रिकामी ठरवू नका. ट्रे पूर्ण सुकवून पुन्हा भिजवा, काही अंडी दुसऱ्या भिजवणीलाच फुटतात. ट्रेमधलं पाणी किंवा गाळ दुसऱ्या तलावात मात्र टाकू नका.

---

माळरान

केवलादेवचा मुद्दा मान्य. बंदीऐवजी हंगामी चराई, असंच मसुद्यात जावं.

एक भर. बेडूक पाण्यात थोडेच दिवस असतात, बाकी वर्ष भोवतालच्या जमिनीत. उभयचरांच्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात पाण्याच्या कडेपासून सरासरी सुमारे १६० ते २९० मीटरपर्यंतची जमीन त्यांना लागते असं दिसलं आहे. त्यामुळे काठापासून ३०० मीटरच्या पट्ट्यात नवा रस्ता, नांगरून केलेली जाळरेषा (वणवा अडवायचा मोकळा पट्टा) किंवा पर्यटकांचा वाहनतळ नको. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री सगळे बेडूक एकाच वेळी पाण्याकडे निघतात. जुना रस्ता असेल तर निदान त्या दोन-तीन रात्री तो बंद ठेवा.

---

पाणलोट (प्रश्नकर्ता)

आटायच्या शेवटच्या टप्प्यात कधीकधी बदकं मेलेली सापडतात. बैठकीत «बघा, पाणी नाही म्हणून मेली» असं ऐकावं लागणार. काय बघायचं? आणि मासे नाहीत तर डासांचं काय?

---

पशुवैद्यक

पाण्याची कमतरता हे कारण सहसा नसतं. बदकांना उडता येतं, ती दुसरीकडे जातात. गरम, उथळ, कुजकट पाण्यात एकदम मरतूक दिसली तर बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणाऱ्या बाधेचा, विचार आधी करा. त्याच्या जिवाणूचे बीजाणू चिखलात असतातच. ऊन तापलं, प्राणवायू संपला आणि कुजणारं मांस मिळालं की ते विष तयार करतात. मेलेल्या बदकावर माशांच्या अळ्या होतात, विष अळ्यांत साठतं, अळ्यांना स्वतःला काही होत नाही. निरोगी बदकाने त्यातल्या थोड्या अळ्या खाल्ल्या की तेही मरतं, आणि त्याच्यावर पुन्हा अळ्या. एकापासून शेकडो होतात ते या साखळीने.

लक्षणं: पक्षी उडू शकत नाही, पंखांनी वल्हवत पाण्यावर सरकतो. मग मान धरवत नाही आणि डोकं पाण्यात पडतं, बरेचसे बुडूनच मरतात. अंगावर जखम नसते.

साखळी तोडायचा मार्ग एकच: मेलेले पक्षी रोज, शक्यतो सकाळ-संध्याकाळ उचलायचे. हातमोजे, मास्क, गमबूट घालून, दुहेरी पिशवीत. पाण्यापासून दूर जाळा किंवा खोल पुरा. पण आधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा आणि नमुने जाऊ द्या. बर्ड फ्लूमध्येही थोड्याफार अशाच खुणा दिसतात आणि त्यात माणसाला धोका असतो. निदान होईपर्यंत नुसत्या हाताने काहीही उचलू नका.

एक चूक हमखास होते: पक्षी मरायला लागले म्हणून घाईने टँकरने पाणी सोडतात. तापलेल्या, सुकत आलेल्या चिखलावर उथळ पाणी पसरलं की तिथले किडे-गांडुळं मरतात, कुजायला नवा माल मिळतो आणि साथ वाढते. पातळी स्थिर राहू द्या किंवा सरळ आटू द्या.

डासांबद्दल थोडक्यात. मोकळ्या, सलग पाण्यात चतुराच्या अळ्या, पाणभुंगेरे, पाणकिडे डासांच्या अळ्या फस्त करतात. डास वाढतात ते काठाच्या चिखलात उमटलेल्या खुरांच्या आणि टायरच्या खड्ड्यांत, कारण मुख्य पाणी मागे सरल्यावर तिथे भक्षक पोचत नाहीत. असा एखादा खड्डा नीट वाकून बघा, तळहाताएवढ्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्यांची गर्दी असते, आणि दोन हात अंतरावरच्या मुख्य पाण्यात एक सापडणार नाही. गाड्या तळावर येऊ दिल्या नाहीत आणि चराई मोजकी ठेवली तर प्रश्न बराच आटोक्यात येतो. गम्बुसिया अशा खड्ड्यांत तसाही पोचला नसता. वस्ती अगदी लागून असेल तर फक्त अशा खड्ड्यांपुरतं बीटीआय हे जिवाणूजन्य औषध वापरता येतं, सरसकट तलावात नको.

---

पाणलोट (प्रश्नकर्ता)

मसुदा बदलून मांडतो. शेवटचं एक: मागच्या हंगामात पहिले दोन दमदार पाऊस झाले तरी तळात पाणी दिसलं नाही. तळ फुटलाय अशी शंका घेऊन तातडीने चिकणमाती टाकायचा प्रस्ताव आला आहे. थांबावं का?

---

मोजपट्टी

थांबा. फुगणाऱ्या काळ्या मातीत पहिलं पाणी भेगांतून थेट खाली जातं. भेगांच्या भिंती भिजून फुगतात आणि बंद होतात, त्यानंतरच वर पाणी साचायला लागतं. अंदाज हवा असेल तर कोरड्या तळावर एक मीटरची चौकट आखा, आतल्या भेगांची लांबी, रुंदी आणि खोली मोजा. समजा चौरस मीटरमध्ये ४ मीटर लांबीच्या भेगा आहेत, वर सरासरी ४ सेंटीमीटर रुंद, खाली निमुळत्या होत गेलेल्या, ६० सेंटीमीटर खोल. आकार पाचरीसारखा धरला तर ४ × ०.०४ × ०.६ ÷ २ = ०.०४८ घनमीटर. म्हणजे नुसत्या भेगाच ४८ मिलीमीटर पाणी पिणार, शिवाय माती भिजायला लागेल ते वेगळं. दोन पाऊस त्यातच गेले असतील.

त्याच भेगांत बेडूक, गोगलगाई, किडे उन्हाळा काढतात. वरून चिकणमाती ओतली तर ते सगळे गाडले जातील, आणि खाली अंड्यांची पेढीही.

तळ फुटलाय की नाही हे पाणी साचल्यावरच कळतं. पूर्ण भरल्यानंतरचे चार बिनपावसाचे आठवडे निवडा आणि वर सांगितलेल्या पद्धतीने पाझर काढा. आधीच्या नोंदींएवढाच आला तर तळ शाबूत आहे. जास्त आला तर वाचनं पातळीनुसार मांडा: गळती ठराविक पातळीच्या वर असतानाच होत असेल तर भोक तळात नसून काठावर त्या उंचीला आहे. खेकड्याची किंवा उंदराची बिळं, नाहीतर जुन्या झाडाच्या कुजलेल्या मुळाची पोकळी. तेवढीच जागा खणून, ओली चिकणमाती ठासून बुजवा.